व्हालमोर्नेचा वेढा

पार्सिपनी,
१७ फेब्रुवारी २००८

प्रिय आशू,

फोन हाताशी असताना आई पानंच्या पानं मराठी का खरडत बसलीय, असं म्हणशील. कारण साधं आहे. मी फोनवर बोलायला लागले की बाबा बेडरूममधला रिसीव्हर उचलून ऐकत बसतात. बोलत काही नाहीत. नुसता श्वास ऐकू येतो, आणि मग मला पुढचं बोलवत नाही. शिवाय तू इंग्लिशमध्ये शिरलीस की मी कोर्टात उभी असल्यासारखी 'येस, नो' करत राहते आणि सांगायचं ते राहूनच जातं. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. लागू दे. पण जावयाकडून, सुमंतकडून, वाचून घेऊ नकोस. जर्सी सिटीच्या त्या दोन खोल्यांत रविवारची कार्टून्स बंद करून तुला बाराखडी घोटायला लावली, ती काय उगाच?

तू थँक्सगिव्हिंगला आलीस, बाबांना मिठी मारलीस आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन मला विचारलंस, "आई, आर यू ईव्हन फीडिंग हिम?" गॅसवर कढी होती, ती उतू जाईल म्हणून मी तिकडं वळले. पण लागलं गं ते मला. ज्या माणसाच्या पानात जन्मभर तव्यावरची पोळी वाढली, त्याला मी उपाशी ठेवते? त्यांचं वजन उतरतंय हे मला दिसत नव्हतं असं वाटलं का तुला? त्यांच्या पँटी कमरेत आत घेऊन घेऊन माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा संपला. रक्त तपासून झालं, स्कॅन झाला, गिळता येतं का तेही बघून झालं. गाठ नाही, थायरॉइड नाही, काही म्हणजे काही नाही. डॉक्टर म्हणाले, या स्मृतिभ्रंशात माणसं खायचंसुद्धा विसरतात, आणि हे असंच चालू राहिलं तर पुढचा हिवाळा काही ते बघायचे नाहीत.

मग तू तुझ्या घराजवळ ईडन प्रेरीतली ती जागा शोधलीस. मेमरी केअर, म्हणजे अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणारी. फोटो पाठवलेस, खिडकीतून तळं दिसतं म्हणून सांगितलंस, बाबा तिथं आणि मी तुझ्याकडे, असं सगळं ठरवून टाकलंस. मी नाही म्हटलं. नाताळात तू पुन्हा विचारलंस तेव्हा जरा जास्तच जोरात नाही म्हटलं. माझा नवरा म्हणजे काही गराजमध्ये नेऊन ठेवायचं सामान नाही, असंही म्हटलं. तेव्हापासून तू रोज फोन करतेस, हवा विचारतेस, औषधं विचारतेस आणि तो विषय तेवढा टाळतेस. तर आज मीच काढते तो विषय. पण मला जरा लांबून यावं लागेल, कारण ही गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये.

व्हालमोर्ने तुला माहीत आहे, पण बाबांचं खूळ म्हणून माहीत आहे. ते खूळ त्यांना माझ्या डोळ्यांसमोर लागलंय. बाबा रिटायर झाले त्या वर्षीचा, म्हणजे २००१चा मे महिना. जन्मात पहिल्यांदा आम्ही दोघंच कुठंतरी निघालो होतो आणि भाड्याच्या गाडीचा गिअर एका डोंगरात अडकून बसला. गॅरेजवाल्यानं खांदे उडवले. पार्ट शहरातून यायचा, तोवर बसा. कुठं बसा? तर या व्हालमोर्नेत. एक रस्ता, एक चर्च, तीसेक घरं, त्यातली निम्मी बंद. मादाम ओदिल नावाच्या एका विधवा बाईनं माडीवरची खोली दिली. मी मांस खात नाही हे तिला खाणाखुणांनी समजावल्यावर तिनं माझ्या सूपमधून डुकराच्या मांसाचा तुकडा तेवढा चमच्यानं अलगद उचलला आणि वाडगा हसत हसत परत माझ्यापुढं ठेवला. मी पाव आणि चीजवर दिवस काढले. बाबांचं मात्र खाण्याकडं लक्षच नव्हतं. चर्चच्या मागच्या खडकावर किल्ला होता ना!

किल्ला म्हणजे काय, तीन भिंती आणि अर्धा बुरूज. तिकीट नाही, पाटी नाही, आत शेळ्या चरत होत्या. दुसरा कुणी असता तर फोटो काढून खाली आला असता. बाबांनी बुरुजाला हात लावला, वर बघितलं आणि विचारलं, यांना पाणी कुठून मिळत असेल? तीस वर्षं पूल बांधलेला माणूस, त्याला आधी हेच सुचायचं. मादामचा एक चुलतभाऊ होता, मास्तर होता गावचा, तोही रिटायर. त्याला मोडकंतोडकं इंग्लिश यायचं. त्यानं आम्हाला विहीर दाखवली, धान्याचं तळघर दाखवलं, आणि मग दोघा म्हाताऱ्यांची जी गट्टी जमली म्हणून सांगू! मी शेळ्यांजवळ दगडावर बसून ऐकत होते.

हजार वर्षांपूर्वी तिथं म्हणे नुसता मातीचा ढिगारा होता आणि त्यावर लाकडी मचाण. गिरो नावाचा कुणी घोडेस्वार तिथं बसून खालच्या रस्त्यावरच्या माणसांकडून वसुली करायचा. त्याच्या नातवानं ते दगडात बांधलं, म्हणजे गावानं बांधलं, यानं वेठीला धरलं. भट्टी त्याची, गिरणी त्याची. स्वतःच्या घरात पाव भाजायची चोरी. मी म्हटलं, बघा, पाटलाची दांडगाई सगळीकडं सारखीच. मग या घराण्यातल्या एकाला म्हातारपणी पापाची भीती वाटली, म्हणून त्यानं खालच्या मठाला एक शेत दिलं, आणि दानपत्राच्या शेवटी शिव्याशाप लिहून ठेवले, की हे शेत जो परत घेईल तो थेट नरकात जाईल. बाबांना इतका आनंद झाला! त्यांनी मास्तरांना आपल्या गधेगळीचं सांगितलं, दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारा तो दगड, आणि धुळीत काडीनं गाढव काढून दाखवलं. मास्तर हसता हसता खोकायला लागले. बाबांना असं खुललेलं मी आमच्या लग्नानंतर फार वेळा पाहिलं नव्हतं, खरं सांगते.

पुढं प्लेग आला, निम्म्या चुली विझल्या. आणि त्याच काळात ते इंग्रज-फ्रेंचांचं शंभर वर्षं चाललेलं भांडण, त्यात व्हालमोर्नेला वेढा पडला. धनी कुठंतरी दूर लढाईवर, किल्ल्यात एक किल्लेदार. सुगी अर्धवट टाकून सगळं गाव आत येऊन बसलेलं. थंडी पडायला लागली तसं किल्लेदारानं तळघरातलं धान्य मोजलं आणि हुकूम काढला, जी लढत नाहीत ती नुसती खाणारी तोंडं बाहेर. म्हातारे, विधवा, पोरं. फाटक उघडून त्यांना ढकललं. इंग्रज शहाणे, ते त्यांना पुढं जाऊ देईनात. जाऊ देतील कशाला, परत आत गेले तर किल्ल्यातलं धान्य लवकर संपेल! आतले आत घेईनात, बाहेरचे सोडीनात. मग ती माणसं भिंत आणि छावणी यांच्यामधल्या खंदकात राहिली, अख्खा हिवाळा. भिंतीवर पहाऱ्याला उभ्या असलेल्यांना खाली आपली आई दिसायची. सुरुवातीला वरून पाव टाकत असत, मग तेही बंद झालं. वसंतात किल्ला तसाही पडला.

हे ऐकून मला तर उठून खाली जावंसं वाटलं. बाबांनी मात्र विचारलं, त्यांना बाहेर काढलं नसतं तर धान्य किती दिवस पुरलं असतं? मास्तरांना सांगता येईना. असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. हा प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो बघ.

मला सुरुवातीला बरंच वाटलं. रिटायर झालेले नवरे काय करतात ते मी इथल्या मराठी मंडळात बघते ना. फ्रीज उघडून उभे राहतात आणि फोडणीत जिरं जास्त झालं म्हणून सांगतात. बाबा कॉलेजात फ्रेंच शिकायला गेले, पोरांच्या मागं बाकावर बसून. मास्तरांशी पत्रव्यवहार सुरू झाला. ग्राफपेपरवर तळघराचा नकाशा, दर माणशी किती गहू, उंदरांचं किती. ते खाली बेसमेंटमध्ये आणि मी वर माझ्या सिरियल्ससमोर, छान चाललं होतं. तेवढ्यात तो सप्टेंबर आला. तुला आठवतं, इथून मैलोन्मैल दूर असूनही आमच्या गल्लीतली माणसं संध्याकाळी रस्त्यावर येऊन न्यूयॉर्कच्या दिशेला बघत उभी राहायची. बाबा दुसऱ्या दिवशी पाण्याचे कॅन घेऊन आले. सगळेच आणत होते. दीड-दोन वर्षांनी टीव्हीवरच सांगितलं की डक्ट टेप आणि प्लास्टिक घेऊन ठेवा, तेव्हा बाबांनी बेसमेंटच्या खिडक्या चिकटवून टाकल्या. शेजारच्यांनीही चिकटवल्या होत्या. अख्खा देशच घाबरलेला, त्यात यांचं एकट्याचं कसं दिसणार?

आणि मग ते धान्य आणायला लागले. तांदळाची पोती, कणीक, तूरडाळ, मूग, गूळ. आणि मला काय वाटलं असेल, सांग? मला आनंद झाला, आशू! उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं, हे साताऱ्याला माझ्या माहेरी सणासारखं असायचं. गहू वाळवायचे, डाळीला तेलाचा हात लावायचा, तांदळात बोरिक पावडर. अमेरिकेत आल्यापासून ते सुटलं, आणि बाबा मला कायम हसायचे, की बाई, दुकान पाच मिनिटांवर आहे, बेगमी कसली करतेस? तोच माणूस आता खांद्यावर पोतं घेऊन जिना उतरतोय. म्हटलं, म्हातारपणी का होईना, आली अक्कल! मी पदर खोचून कामाला लागले. प्लास्टिकचे ड्रम आणले, तळाशी तमालपत्रं टाकली. बाबा ड्रमवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, आता पुरेल. मी म्हणायचे, पुरून उरेल! कुणाची वाट बघतोय आपण, ते मी कधी विचारलं नाही.

मंडळात त्यांनी व्हालमोर्नेवर स्लाइड शो केला, ते तुला मी हसत हसत सांगितलं होतं. संक्रांतीचा कार्यक्रम, एका बाजूला मुलांचे डान्स, दुसऱ्या बाजूला जेवणाचे ट्रे तापत ठेवलेले, आणि मध्ये हे चौदाव्या शतकात शिरलेले. खंदकाची स्लाइड संपली की परत खंदकाचीच. लोकांना वाटलं प्रोजेक्टर बिघडला. अध्यक्ष गुरुनाथ देवस्थळी शेवटी हात जोडून म्हणाले, उल्हासराव, आता वेढा उठवा, भात गार होतोय. सगळे हसले, मीही हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. पुढच्या वर्षी आजाराचं नाव कळलं.

आता जे सांगते ते तुला सांगितलेलं नाही. गेल्या गणपतीपासून बाबा मला ओळखत नाहीत. सुवर्णा ही हाक गेली, मला ते मालिनीवहिनी म्हणतात. आठवतात ना, मंडळातल्या, फ्लोरिडाला गेलेल्या. अगदी अदबीनं वागतात गं, अहो-जाहो करतात, दार उघडून धरतात. तू आलीस तेव्हा त्यांनी तुला ओळखलं, आशू म्हणून हाक मारली, तेव्हा मी पँट्रीत जाऊन रडून घेतलं. आनंदानं की हेव्यानं, मला सांगता येणार नाही. तुला त्यांनी दारातच विचारलं होतं बघ, रस्ता मोकळा होता का, कुणी अडवलं नाही ना? आणि तू न्यूआर्कच्या ट्रॅफिकचं सांगत बसलीस.

तर खाण्याचं. बाबा जेवायला बसायचे, चार घास खायचे आणि उरलेला वरणभात वाटीत काढून त्यावर ताटली झाकून ओट्यावर ठेवायचे. मी म्हणायचे, संपवा हो. ते म्हणायचे, बास. मला वाटलं कवळी बोचत असेल, चव गेली असेल. साबुदाण्याची खीर करून बघितली, गुरगुट्या भात केला, तूप-मेतकूट दिलं, डॉक्टरांनी सांगितलेलं मिल्कशेकसुद्धा दिलं. सगळ्याचं अर्धं वाटीत. आणि त्या वाटीचं मी काय करणार? अन्न टाकायचं नाही, हे हाडात मुरलेलं. चहाच्या आधी उभ्या उभ्या मी ते खाऊन टाकायचे आणि वाटी घासून ठेवायचे. तू मला म्हणालीस ना, आई तू जरा सुटलीयस? ते हे.

गेल्या महिन्यात ते घरातून निघून गेले, इतकंच तुला कळवलं होतं, आणि हॉस्पिटलचं. कसे गेले ते सांगते. भर दुपार होती, मी पोळ्या लाटत होते. पायाला गार वारा लागला म्हणून बघितलं तर पुढचं दार सताड उघडं. अंगात नुसता स्वेटर, पायात मोजे, कोट खुर्चीवर नीट घडी करून ठेवलेला. आपल्या घरांच्या मागं पावसाचं पाणी साठायला तो खोलगट खड्डा केलाय ना, त्यात बर्फावर जाऊन बसले होते, पाठ आपल्या घराकडं करून. शेजारच्या स्वानंदीला मागच्या खिडकीतून दिसलं. नागपूरची आहे, नवऱ्याच्या व्हिसावर आलीय, दिवसभर घरीच असते बिचारी. ती चपला घालून तशीच धावली. मी ओरडत होते, की अहो उठा, आत चला, आणि ते मला म्हणत होते, वहिनी, तुम्ही परत जा, फाटक लावून घ्या. स्वानंदी म्हणाली, काकू, प्लीज, ओरडू नका, मी नाइन वन वन केलाय, काकांना नुसतं धरून बसा.

हॉस्पिटलमध्ये ठेवलं त्यांना. आणि तिथं काय झालं माहितीये? ते जेवले! बटाट्याचा तो पांढरा लगदा, उकडलेले मटार, हिरवी थरथरणारी जेली, सगळं. नर्स कौतुकानं मला रिकामा ट्रे दाखवायला आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा गुरगुट्या भात नको, आणि यांची जेली हवी? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी तर पाव जास्तीचा मागून घेतला. शेवटी मी खुर्ची जवळ ओढून विचारलंच, की उल्हासराव, घरी तुम्ही अर्धं टाकता आणि इथं कसं हो सगळं जातं? मालिनीवहिनींना ते खरं सांगतील असं वाटलं मला, आणि त्यांनी सांगितलं. म्हणाले, वहिनी, इथलं खाल्लं म्हणून आमच्या घरातलं कमी होत नाही. घरी सुवर्णा आहे. ती सगळ्यांच्या मागून जेवते, किती सांगितलं तरी आधी बसत नाही. वेढ्यात मागून जेवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, तुम्हाला कल्पना नाही. म्हणून मी तिचं काढून ठेवतो. आणि हळूच म्हणाले, तिला पुरत नाही हो, मी ठेवलेली वाटी रोज रिकामी होते.

मला पुढं विचारायचा धीर नव्हता, तरी विचारलं, की मग बर्फात का गेलात? तर म्हणाले, हिशेब जमेना. दोघांना वसंतापर्यंत पुरत नाही, एकाला पुरतं. अगं, खाली बेसमेंटमध्ये पाच माणसांना वर्षभर पुरेल एवढं धान्य आहे!

आणखी एक सांगते, मग झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी जेवणाचा ट्रे आला, बाबा छान खात होते. नवीन नर्स होती, तिनं माझ्याकडं बोट दाखवून म्हटलं, मिस्टर कर्णिक, युअर वाइफ इज हिअर. बाबांनी मान वळवली. माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, सुवर्णा. आशू, गणपतीपासून मी या एका हाकेसाठी काय काय केलं होतं! लग्नातला शालू नेसले, जुने फोटो भिंतभर लावले, देवाला नवस बोलले. आणि हाक आली. मी उठून जवळ गेले, त्यांनी माझा हात धरला, म्हणाले, तू जेवलीस का? मी म्हटलं, हो, जेवले. त्यांना ते पटेना. पटावं कसं, मी त्यांच्या आधी कधी जेवले होते? सासूबाई होत्या तेव्हा नाही, इथं आल्यावर नाही, नोकरी करत होते तेव्हाही नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि ट्रे माझ्याकडं सरकवला. मी ढकलला की ते परत सरकवत. संध्याकाळचं जेवण आलं, तेही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मालिनीवहिनी झाले तेव्हा ते जेवले.

घरी आल्यापासून सगळं करून पाहिलं. त्यांच्यासमोर बसून त्यांच्या आधी जेवले. त्यांनी मला आग्रह करकरून वाढलं, पाहुणीला वाढावं तसं. मग स्वतः चार घास खाल्ले आणि वाटी भरून झाकून ठेवली. वाटी भरलेली राहू दिली तर म्हणतात, सुवर्णा आजारी आहे का, तिला जेवण जात नाही का, आणि घरभर शोधतात. रिकामी केली तर दुसऱ्या दिवशी स्वतःचं आणखी कमी. ड्रम उघडून दाखवले, म्हटलं हात घालून बघा. त्यांनी बघितलं, आणि ड्रमवर झाकण घट्ट बसवलं.

म्हणून हे पत्र. ती खोली अजून असेल तर तिथल्या लोकांना हो म्हणून सांग. बर्फ जरा ओसरलं की तू ये, आपण बाबांना घेऊन जाऊ. मी भांडले त्याबद्दल मला काही वाटत नाही, पुन्हा भांडेन, पण या घरात माझा नवरा माझ्यासाठी उपाशी मरतोय आणि मला ते थांबवता येत नाहीय. मी तुझ्याकडेच राहीन. रोज त्यांच्या जेवणाच्या वेळी तिथं जाऊन शेजारी बसेन, त्याला तू नाही म्हणायचं नाहीस. फक्त एक गोष्ट तुला नीट पाळावी लागेल, आणि मुलांनाही शिकवावी लागेल. तिथल्या नर्सेसना मी त्यांची बायको आहे हे कळू देऊ नकोस. बाबांसमोर मला आई म्हणू नकोस, मालिनीकाकू म्हण. मला बघून ते कधी थांबले, निरखून बघायला लागले, तर तू मध्ये ये आणि दुसरं काहीतरी बोल. आणि सुवर्णा जेवली का म्हणून विचारलं, तर ते तुला विचारतील, मला नाही. तू त्यांची मुलगी आहेस, तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. तेव्हा माझ्याकडं बघायचं नाही, आवाज हलू द्यायचा नाही, आणि सांगायचं, हो बाबा, जेवली, आज सगळ्यांच्या आधी बसली होती.

तुझीच,
आई